सिसएमएल शिकायचं तर सोसायटीच्या पाण्याच्या पंपापासून: पहिल्या मॉडेलचा पायरीपायरीने आराखडा

कुठल्याही मोठ्या इंजिनिअरिंग कामात माहिती विखुरलेली असते. ग्राहकाच्या अपेक्षा वर्डच्या फाइलमध्ये, वायरिंग ऑटोकॅडमध्ये, हिशेब एक्सेलमध्ये, आणि ‘वीज जाऊन परत आली तर काय व्हायचं’ हे कुणा एकाच्या डोक्यात. सिस्टिम्स मॉडेलिंग लँग्वेज, म्हणजे सिसएमएल, ही सगळी माहिती एका मॉडेलमध्ये एकमेकींना जोडून ठेवण्याची प्रमाण भाषा आहे. सॉफ्टवेअरवाल्यांच्या यूएमएल या मॉडेलिंग भाषेतून ती निघाली. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने तिची पहिली अधिकृत आवृत्ती २००७ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१७ मध्ये तिची १.४ ही आवृत्ती आयएसओ/आयईसी १९५१४ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. विमानं, उपग्रह, गाड्या आणि वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये ती वापरात आहे.

या भाषेत नऊ प्रकारच्या आकृत्या आहेत. शिकणारे बहुतेक जण त्या एकामागून एक पाठ करतात आणि शेवटी त्यांच्या हातात नऊ सुटी चित्रं राहतात. मॉडेल मात्र तयार झालेलं नसतं. आकृती ही मॉडेलकडे पाहायची फक्त खिडकी असते. ‘पंप’ हा घटक मॉडेलमध्ये एकदाच असतो आणि पाच आकृत्यांमध्ये दिसतो. एका ठिकाणी त्याचं नाव बदललं की पाचही ठिकाणी बदललं पाहिजे. तसं होत नसेल तर तुम्ही महागड्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त चौकोन काढत आहात.

म्हणून इथे एकच यंत्रणा घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ. सोसायटीत जमिनीखालची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी आणि हे सगळं आपोआप चालवणारा नियंत्रक असतो. यात पाणी, वीज आणि संकेत असे तिन्ही प्रवाह आहेत, यांत्रिक आणि इलेक्ट्रिकल भाग आहेत, थोडं सॉफ्टवेअर आहे आणि बिघडायला भरपूर वाव आहे. शिवाय ती सगळ्यांच्या पाहण्यातली आहे, त्यामुळे मॉडेल चुकलं तर ते लगेच कळतं. पहिल्याच मॉडेलसाठी उपग्रह किंवा इलेक्ट्रिक कार निवडू नका. तिथे आपलं चुकतंय हेच समजत नाही.

गृहीत धरलेले आकडे

४० सदनिका, २०० माणसं. शहरी वस्तीसाठी दरडोई रोज १३५ लिटर हा भारतात नेहमी धरला जाणारा आकडा घेतला तर रोजची गरज २७,००० लिटर होते. खालची टाकी ३०,००० लिटरची, वरची २०,००० लिटरची. खालच्या पाण्यापासून वरच्या टाकीच्या तोंडापर्यंत उभी उंची २७ मीटर, पाइप आणि बेंडमधलं घर्षण आणखी ४ मीटर, म्हणजे एकूण हेड, पंपाला जितक्या उंचीइतका जोर लावावा लागतो ती उंची, ३१ मीटर. महापालिकेचं पाणी दिवसातून ठरावीक वेळीच येतं. पातळी मोजणाऱ्या संवेदकाची चूक २ टक्के अधिक-उणे.

साधन कोणतं

शिकण्यासाठी पैसे खर्च करायची गरज नाही. गॅफर हे मोफत आणि हलकं साधन आहे. एका संध्याकाळी हात बसतो. एक्लिप्सवर चालणारं पॅपिरस मोफत आणि जास्त काटेकोर आहे, पण सुरुवातीला डोकं फिरवतं. नोकरीच्या ठिकाणी बहुधा कॅमिओ किंवा एंटरप्राइज आर्किटेक्ट दिसेल. थेल्स कंपनीकडून आलेलं कॅपेला फार चांगलं आहे, पण त्याची स्वतःची आर्केडिया पद्धत आणि स्वतःच्या आकृत्या आहेत. सिसएमएल शिकायचं असेल तर सुरुवात तिथून नको. पॉवरपॉइंट आणि तत्सम चित्र काढायची साधनं मात्र पूर्ण टाळा, कारण त्यांत घटक एकमेकांना जोडलेले राहत नाहीत.

पायरी १: मॉडेल कोणत्या प्रश्नांची उत्तरं देणार ते लिहा

हे कागदावर करा. आपल्या यंत्रणेसाठी तीन प्रश्न पुरेत. मोटर किती एचपीची लागेल? पंप कोरडा चालणार नाही याची खात्री काय? वीज जाऊन आल्यावर किंवा संवेदक बिघडल्यावर यंत्रणा काय करेल? पुढे प्रत्येक आकृती काढताना ती यांपैकी कुठल्या प्रश्नाला लागते ते पाहायचं. कुठल्याच प्रश्नाला लागत नसेल तर ती काढायची नाही. नऊच्या नऊ प्रकार भरलेच पाहिजेत असा कुठलाही नियम नाही. आपलं काम सात-आठांत भागतं.

पायरी २: सीमा आखा

एक ब्लॉक डेफिनेशन आकृती घ्या. ब्लॉक म्हणजे यंत्रणेतला एक घटक, आणि कोणते घटक आहेत ते ही आकृती दाखवते. मधोमध ‘पाणीपुरवठा यंत्रणा’ ठेवा आणि भोवती तिच्याशी संबंध येणारे बाहेरचे घटक: महापालिकेची जोडणी, टँकर, वीज कंपनीचा पुरवठा, रहिवासी, वॉचमन, आणि ओव्हरफ्लोचं पाणी जिथे जातं ते गटार. गटार बहुतेक जण विसरतात. पण ते सीमेबाहेर दाखवल्याखेरीज ‘पाणी वाया गेलं’ ही घटना मॉडेलमध्ये मांडताच येत नाही. अग्निशमनाची टाकी वेगळी असते. ती आपल्या सीमेत नाही हेही इथेच एका टिपेत लिहून टाका, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात त्यावरून वाद होतो.

वॉचमन सीमेच्या आत की बाहेर? आज तोच पंप चालू-बंद करत असेल तर तो आत वाटतो. पण आपण त्याला डिझाइन करत नाही, त्याला फक्त बटणं आणि दिवे देतो, त्यामुळे तो बाहेर. ज्यावर आपला ताबा तेच आत, हा निकष सहसा फसत नाही.

युज केस आकृती, म्हणजे यंत्रणा कोणासाठी काय करते याचं चित्र, तीही इथेच काढता येते: ‘टाकी भरलेली ठेवणे’, ‘हाताने पंप चालवणे’, ‘बिघाड कळवणे’. तीन-चार लंबगोल पुरे. त्यावर दिवस घालवू नका.

पायरी ३: अपेक्षा मोजता येतील अशा लिहा

रिक्वायरमेंट आकृतीत प्रत्येक अपेक्षेला क्रमांक आणि मजकूर असतो. ‘पाणी वाया जाऊ नये’ ही इच्छा झाली. ‘वरच्या टाकीची पातळी ९५ टक्क्यांवर गेल्यापासून ५ सेकंदांत पंप बंद झाला पाहिजे’ ही अपेक्षा झाली, कारण स्टॉपवॉच घेऊन ती तपासता येते. आपल्या मॉडेलच्या मुख्य अपेक्षा अशा:

अ-१: दिवसाचे २७,००० लिटर पाणी एकूण २ तासांच्या पंपिंगमध्ये वर गेलं पाहिजे.
अ-२: वरची पातळी ४० टक्के किंवा खाली गेली की पंप सुरू, ९५ टक्क्यांना बंद.
अ-३: पंपातून पाणी जात नसेल तर १० सेकंदांत मोटर बंद.
अ-४: पंप चालू असताना १० मिनिटांत वरची पातळी वाढली नाही तर बिघाड जाहीर करून थांबावं.
अ-५: वीज परतल्यावर पातळ्या वाचल्याशिवाय मोटर सुरू होऊ नये.

अ-१ मधून एक उपअपेक्षा निघते: पंपाचा प्रवाह किमान ताशी १३,५०० लिटर. ती ‘डिराइव्ह’ नात्याने जोडायची. इथे बाणाची दिशा हमखास चुकते. बाण निघालेल्या अपेक्षेकडून मूळ अपेक्षेकडे जातो, म्हणजे अवलंबून असणाऱ्याकडून ज्यावर अवलंबून आहे त्याकडे. ‘सॅटिस्फाय’चा बाण ब्लॉककडून अपेक्षेकडे आणि ‘व्हेरिफाय’चा बाण चाचणीकडून अपेक्षेकडे. तिन्हींत एकच तर्क आहे: अपेक्षा बदलली तर कोणाला हलावं लागेल? जो हलेल त्याच्याकडून बाण निघतो.

एका अपेक्षेत दोन वेगळ्या गोष्टी आल्या तर ती फोडा. अ-२ प्रत्यक्ष मॉडेलमध्ये दोन अपेक्षा म्हणून टाका. सुरू होण्याची चाचणी उत्तीर्ण झाली आणि बंद होण्याची नापास, तर एकत्र लिहिलेल्या अपेक्षेचा निकाल काय लावणार?

पायरी ४: भागांची व्याख्या

आता ब्लॉक डेफिनेशन आकृतीत यंत्रणा फोडा. नव्याने शिकणारे सर्वांत जास्त अडखळतात ते इथेच: व्याख्या आणि वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘टाकी’ ही व्याख्या एकच. तिला क्षमता असते, पातळी असते, पाणी आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं तोंड असतं. ‘गच्चीवरची’ आणि ‘जमिनीखालची’ हे तिचे दोन वापर. त्यामुळे ‘वरची टाकी’ आणि ‘खालची टाकी’ असे दोन ब्लॉक करू नका. ‘यंत्रणा’ या ब्लॉकमध्ये ‘वरची : टाकी’ आणि ‘खालची : टाकी’ असे दोन भाग करा. अपूर्णविरामाच्या (:) आधी वापराचं नाव, नंतर व्याख्येचं. पातळी संवेदकाचंही तेच, एक व्याख्या आणि दोन वापर. उद्या संवेदकाचा मेक बदलला तर एकाच ठिकाणी बदल करावा लागतो.

भागांची यादी: टाकी २, पंपसंच १, स्टार्टर १, नियंत्रक १, पातळी संवेदक २, करंट संवेदक १, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) १. काळा भरीव हिरा म्हणजे ‘हा भाग या यंत्रणेचाच’, आणि तो पूर्णाच्या टोकाला काढायचा. दुसऱ्या टोकाला संख्या.

क्षमता, हेड, प्रवाह अशा राशींना ‘व्हॅल्यू टाइप’ द्या आणि एकक तिथेच ठरवा. प्रवाह एकीकडे ताशी लिटर आणि दुसरीकडे सेकंदाला घनमीटर असा राहिला तर पुढे हिशेबात ३६ लाख पटींची गडबड होते.

किती खोल जायचं? मोटरच्या बेअरिंगपर्यंत नक्कीच नाही. जो भाग तुम्ही अख्खा विकत घेणार आहात तिथे थांबा. पंपसंच विकत येतो, त्यामुळे तो एकच ब्लॉक. स्टार्टरमध्ये मात्र कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) आणि ओव्हरलोड रिले (जास्त भार आला की मोटर बंद करणारा) वेगळे दाखवणं भाग आहे, कारण त्यांचे संकेत नियंत्रकाला वेगवेगळे मिळतात.

पायरी ५: जोडण्या

इंटर्नल ब्लॉक आकृतीत हेच भाग एकमेकांना पोर्टमधून, म्हणजे भागाच्या जोडणीच्या तोंडांतून, जोडायचे. १.३ आवृत्तीपासून जुने फ्लो पोर्ट मोडीत काढले गेले आहेत. इंटरनेटवरच्या अनेक जुन्या धड्यांत ते अजून दिसतात, तिकडे दुर्लक्ष करा. ‘प्रॉक्सी पोर्ट’ घ्या आणि त्याला ‘इंटरफेस ब्लॉक’चा प्रकार द्या. त्या तोंडातून काय येतं-जातं ते इंटरफेस ब्लॉक सांगतो. एका टोकाला पाणी ‘बाहेर’ असेल तर समोरच्या टोकाला तोच प्रकार उलटा करून वापरायचा, नावाआधी नागमोडी चिन्ह लावून.

तीन प्रवाह तीन वेगळ्या इंटरफेस ब्लॉकने दाखवा: पाणी, थ्री फेज वीज आणि संकेत. पाण्याचा मार्ग: खालची टाकी, पंप, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, वरची टाकी, तिथून रहिवासी आणि ओव्हरफ्लोतून गटार. विजेचा मार्ग: पुरवठा, स्टार्टर, मोटर. संकेताचा मार्ग: संवेदक, नियंत्रक, स्टार्टरची कॉइल (हिला वीज मिळाली की कॉन्टॅक्टर मोटरची वीज जोडतो).

पोर्टना प्रकार देण्याचा कंटाळा येतो, पण या आकृतीची सगळी किंमत त्यातच आहे. उदाहरणार्थ, नियंत्रकाचा रिले २३० व्होल्टची कॉइल चालवेल असं धरलेलं असतं. पण अनेक थ्री फेज डीओएल (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या) स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची असते. दोन्ही पोर्टवर नुसतं ‘संकेत’ लिहिलं तर हे कधीच दिसणार नाही. ‘कॉइल पुरवठा २३० व्होल्ट’ आणि ‘कॉइल पुरवठा ४१५ व्होल्ट’ असे दोन प्रकार असतील तर जोडणी जुळत नाही हे पॅनेल बनवण्याआधीच कळतं. नियंत्रकातून थेट मोटरकडे रेघ मारणं ही आणखी एक नेहमीची चूक. नियंत्रक मोटर चालवत नाही, कॉन्टॅक्टर चालवतो.

याच आकृतीतून अ-३ बद्दलही एक गोष्ट लक्षात येते. पंप टाकीच्या बाजूला, पाण्याच्या वर बसवलेला असेल तर सक्शन पाइपच्या टोकाला, पाण्यात, फूट व्हॉल्व्ह असतो. पाइपातलं पाणी तो खाली उतरू देत नाही. तो गळला की पाइपातलं पाणी उतरतं, पंपात हवा शिरते आणि खालची टाकी काठोकाठ भरलेली असूनही पंप कोरडा चालतो. खालच्या टाकीच्या संवेदकाला हे दिसूच शकत नाही. सेंट्रिफ्युगल पंप कोरडा चालला की मोटरचा करंट उतरतो, म्हणून करंट संवेदक हवा. अ-३ चा ‘सॅटिस्फाय’ बाण खालच्या पातळी संवेदकाकडून निघालेला असेल तर तो चुकीचा आहे. तो करंट संवेदक आणि नियंत्रक यांच्याकडून निघायला हवा.

पायरी ६: हिशेब मॉडेलमध्येच

पॅरामेट्रिक आकृती बहुतेक अभ्यासक्रम शेवटी घाईत उरकतात. इंजिनिअरला सर्वांत उपयोगी तीच. समीकरण एका ‘कन्स्ट्रेंट ब्लॉक’मध्ये लिहायचं आणि त्यातल्या राशी ‘बाइंडिंग कनेक्टर’ने प्रत्यक्ष भागांच्या गुणधर्मांना बांधायच्या. आपलं समीकरण:

शाफ्टवरची शक्ती = घनता × गुरुत्व त्वरण × प्रवाह × हेड ÷ पंपाची कार्यक्षमता

ताशी १३,५०० लिटर म्हणजे सेकंदाला ३.७५ लिटर. १००० × ९.८१ × ०.००३७५ × ३१ = सुमारे ११४० वॅट. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर शाफ्टला २२८० वॅट लागतात. ३ एचपीची मोटर देते सुमारे २२४० वॅट, बाजारात ती २.२ किलोवॅट म्हणून येते. म्हणजे ती किंचित कमी पडते आणि कायम पूर्ण भाराच्या वर चालते. पुढचं नेहमी मिळणारं माप ५ एचपी, ३.७ किलोवॅट.

लक्षात घ्या, या आकृतीतलं ‘बरोबर’चं चिन्ह म्हणजे प्रोग्रामिंगमधली नेमणूक नव्हे. समीकरणाला दिशा नसते. प्रवाह दिला तर शक्ती मिळेल आणि शक्ती दिली तर प्रवाह. पंप आधीच विकत घेतलेला असेल तर तेच मॉडेल उलट्या बाजूने वापरता येतं.

दुसरा कन्स्ट्रेंट ब्लॉक भरण्याच्या वेळेचा. सकाळच्या दोन तासांत दिवसाचं एक तृतीयांश पाणी वापरलं जातं असं धरू: ताशी ४,५०० लिटर. मग टाकीत निव्वळ भर पडते ताशी ९,००० लिटर. ४० ते ९५ टक्के म्हणजे ११,००० लिटर, त्याला सुमारे ७३ मिनिटं. सुरू-बंदमधलं हे अंतर कमी करून कुणी ९० आणि ९५ टक्के ठेवलं तर वापर नसताना १,००० लिटर साडेचार मिनिटांत भरतात. मग पाणी थोडं उतरलं की मोटर पुन्हा सुरू. डीओएल स्टार्टरवर सुरुवातीचा करंट पूर्ण भाराच्या सहा-सात पट असतो. वारंवार सुरू झाल्याने मोटर तापते आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळतात.

पायरी ७: अवस्था

स्टेट मशिन आकृती नियंत्रकाची. संपूर्ण यंत्रणेची काढू नका, कारण अवस्था लक्षात ठेवणारा भाग नियंत्रक आहे. पाच अवस्था पुरतात: ‘थांबलेला’, ‘भरतोय’, ‘पाण्याची वाट’, ‘बिघाड’, ‘हाताने’. प्रत्येक बाणावर क्रमाने तीन गोष्टी: घटना, चौकोनी कंसात अट, आणि तिरक्या रेघेनंतर कृती. उदाहरणार्थ: वरची पातळी ४० टक्क्यांवर उतरली [खालची पातळी ५० टक्क्यांच्या वर] / कॉइल चालू करा.

खालच्या टाकीलाही सुरू-बंदचे दोन वेगळे आकडे द्या: २० टक्क्यांना पंप थांबतो, ५० टक्के झाल्यावरच पुन्हा सुरू होतो. दोन्हीकडे २० च ठेवले तर महापालिकेचं पाणी बारीक धारेने येत असताना पंप दर मिनिटाला चालू-बंद होत राहतो.

सुरुवातीचा काळा ठिपका थेट ‘थांबलेला’कडे नेऊ नका. वीज परत आल्यावर नियंत्रक नव्याने सुरू होतो तो याच ठिपक्यापासून. त्या क्षणी वरची टाकी ३० टक्क्यांवर असेल तर ‘४० टक्क्यांवर उतरली’ ही घटना घडून गेलेली असते आणि ती पुन्हा घडणार नसते. पंप सुरूच होत नाही आणि दुपारी तक्रारी येतात. म्हणून ठिपक्यानंतर आधी पातळ्या वाचायच्या आणि निवडीच्या हिऱ्यातून योग्य अवस्थेत जायचं. अ-५ इथे पूर्ण होते.

‘हाताने’ ही अवस्था नीट विचार करून ठरवा. संवेदक बिघडल्यावरच ती लागते, त्यामुळे तिथे पातळीवर विसंबता येत नाही. पण काहीच बंधन नसेल तर पंप रात्रभर चालू राहतो आणि गच्चीवरून पाणी वाहतं. मधला मार्ग: एकदा बटण दाबलं की २० मिनिटं, म्हणजे जास्तीत जास्त ४,५०० लिटर, टाकीच्या साडेबावीस टक्के. करंटवरून होणारं कोरडेपणाचं संरक्षण मात्र इथेही चालूच.

आकृती झाली की एक तक्ता करा. डावीकडे पाच अवस्था, वर दहा घटना: वरची उतरली, वरची भरली, खालची उतरली, खालची भरली, करंट पडला, पातळी वाढत नाही, स्विच हातावर, स्विच ऑटोवर, रिसेट, वीज परतली. ५० घरं होतात. प्रत्येक घरात ‘कुठे जातो’ किंवा ‘दुर्लक्ष’ हे लिहायचंच. रिकामं राहिलेलं प्रत्येक घर म्हणजे न घेतलेला निर्णय. हे काम कंटाळवाणं आहे, आणि आकृतीतल्या सर्वाधिक चुका यातूनच सापडतात. ‘बिघाड’ अवस्थेत असताना स्विच हातावर टाकला तर काय, हे घर जवळपास नेहमीच रिकामं सापडतं.

पायरी ८: कृतींचा क्रम, पण जपून

अॅक्टिव्हिटी आकृती फ्लोचार्टसारखी दिसते, म्हणून ती सोपी वाटते. एक सापळा मात्र ठाऊक हवा. ‘पातळी वाचा’ या कृतीत सुरुवातीकडून एक बाण येतो आणि शेवटून परत फिरून दुसरा. फ्लोचार्टमध्ये हे चालतं. सिसएमएलमध्ये एका कृतीत दोन बाण आले तर ती दोन्हींची वाट पाहते. दुसरा बाण ती कृती झाल्यावरच येणार, म्हणजे ती कधीच सुरू होत नाही. उपाय सोपा: दोन्ही बाण आधी ‘मर्ज’च्या हिऱ्यात आणा आणि तिथून एकच बाण कृतीत न्या. कागदावर कुणाला ही चूक दिसत नाही. मॉडेल चालवून दाखवणाऱ्या साधनात ते पहिल्याच क्षणी अडकतं.

सिक्वेन्स आकृती फक्त अ-३ साठी काढा: करंट संवेदक, नियंत्रक आणि स्टार्टर यांच्यात कोण कोणाला कधी काय कळवतं, आणि १० सेकंदांतले किती कुठे जातात. बाकीच्या अपेक्षांना तिची गरज नाही.

पायरी ९: एक आकडा हलवून पाहा

समजा कमिटी म्हणाली, ५ एचपी महाग पडते, ३ एचपीचीच घेऊ आणि पंप दोनऐवजी तीन तास चालवू. अ-१ बदलली. तिच्यातून निघालेली अपेक्षा बदलली: ताशी ९,००० लिटर. पॅरामेट्रिक आकृती सांगते की ३१ मीटर हेड तेवढंच धरलं तरी शाफ्टला सुमारे १५२० वॅट लागतात, ३ एचपी आरामात पुरते. इथवर सगळं छान.

पण भरण्याच्या वेळेचा कन्स्ट्रेंट ब्लॉकही याच प्रवाहाला बांधलेला आहे. सकाळी निव्वळ भर आता ताशी ४,५०० लिटर. ४० ते ९५ टक्के जायला ७३ मिनिटांऐवजी जवळपास अडीच तास लागतात. आणि अ-४ पाहा. आधी १० मिनिटांत टाकी १,५०० लिटर, म्हणजे साडेसात टक्के वाढायची. आता ७५० लिटर, म्हणजे पावणेचार टक्के. संवेदकाची चूक २ टक्के अधिक-उणे, आणि आपण दोन वाचनांतला फरक पाहतोय, म्हणजे चूक ४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पंप ठणठणीत असूनही नियंत्रक बिघाड जाहीर करू शकतो आणि तेही सकाळी सातला. अ-४ मधली मुदत २० मिनिटं करावी लागेल किंवा संवेदक चांगला घ्यावा लागेल. मोटरच्या किमतीवरून झालेल्या निर्णयाने संवेदकाची निवड बदलली. वर्ड, एक्सेल आणि ऑटोकॅड वेगवेगळे असते तर हे पंप बसवल्यावर कळलं असतं.

ही साखळी तुमच्या मॉडेलमध्ये दिसते का ते पाहा. अ-१ वर उभं राहून साधनाला ‘यावर काय काय अवलंबून आहे’ विचारा. अ-४ त्या यादीत आली नाही तर तिची मुदत प्रवाहाशी बांधायची राहिली आहे. सोबतच तीन साध्या तपासण्या: प्रत्येक अपेक्षेला किमान एक ‘सॅटिस्फाय’ आणि एक ‘व्हेरिफाय’ आहे का, न जोडलेला पोर्ट उरला आहे का, जिथून बाहेर पडता येत नाही अशी अवस्था आहे का.

नव्या आवृत्तीबद्दल

ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने २०२५ मध्ये सिसएमएलची दुसरी आवृत्ती स्वीकारली. ती यूएमएलवर उभी नाही, आणि तिच्यात आकृतीच्या जोडीला मजकुराची भाषाही आहे, म्हणजे मॉडेल प्रोग्रामसारखं टाइप करता येतं. पायरी ४ मधला व्याख्या आणि वापर हा भेद तिच्यात सर्वत्र एकसारखा लावला आहे, त्यामुळे तो पक्का झाला असेल तर बदल जड जात नाही. मजकुरात देवनागरी नावं वापरायची तर ती एकेरी अवतरणचिन्हांत घालावी लागतात. मोकळी नावं फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेषा यांचीच चालतात. आज नोकरीसाठी शिकत असाल तर पहिली आवृत्ती आधी शिका. चालू प्रकल्प अजून बरेचसे तिच्यावरच आहेत आणि मोफत साधनांत तिचा आधारही अधिक पक्का आहे.

यानंतरचा सराव

पंपाची संख्या १ ची २ करा: एक चालू, एक राखीव, रोज आळीपाळीने. ब्लॉक डेफिनेशन आकृतीत एवढ्यासाठी फक्त एक अंक बदलतो. मग इंटर्नल ब्लॉक आकृतीत दुसरा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह का लागतो ते शोधा. इशारा: एक पंप चालू असताना बंद पंपाच्या वाटेने पाणी कुठे जाईल? स्टेट मशिनमध्ये ‘बिघाड’ आता कोणाचा, एका पंपाचा की यंत्रणेचा? आणि आज कोणत्या पंपाची पाळी हे वीज गेल्यावर नियंत्रकाला कसं आठवणार? पायरी ७ चा तक्ता पुन्हा काढायला बसा. पाच अवस्थांत आता भागणार नाही.